प्रेस : वृत्तलेखनातील अर्थभेद

प्रेस हा मूळचा इंग्रजी, परंतु दीर्घकाळच्या वापराने मराठीत रूढ झालेला शब्द. वृत्तलेखनात तो संदर्भानुसार भिन्न अर्थांनी येतो. दाब देणारे यंत्र, छापखाना, रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, वृत्तपत्रे, पत्रकारांचा समुदाय, मजकूर छापून प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य आणि कपड्यांना केलेली इस्तरी हे त्याचे प्रमुख अर्थ होत. इंग्रजीत क्रियापद म्हणूनही तो येतो आणि तेव्हा त्याच्या छटा आणखी वाढतात. जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या खानदेशात, कापसाचा प्रेस आणि छापखान्याचा प्रेस हे दोन्ही शंभराहून अधिक वर्षे एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत. त्यामुळे या शब्दाच्या अर्थभेदाचा प्रश्न तेथील वार्ताहरापुढे व उपसंपादकापुढे वारंवार उभा राहतो. हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. एखाद्या बातमीत ‘प्रेस’ म्हणजे यंत्र, कारखाना, संस्था, माणसे की हक्क हे स्पष्ट झाले नाही, तर जबाबदारी कोणाची, मजुरी कोणाची आणि स्वातंत्र्य कोणाचे हेही अस्पष्ट राहते.

व्युत्पत्ती व अर्थविकास : लॅटिन भाषेतील ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे या धातूपासून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे हा शब्द इंग्रजीत आला. इंग्रजीत त्याचा आरंभीचा अर्थ गर्दी किंवा दाटी असा होता. पुढे द्राक्षांचा रस काढण्याच्या, तेल गाळण्याच्या किंवा कापडाच्या घड्या बसविण्याच्या साधनास प्रेस म्हणू लागले. जर्मनीतील माइन्त्स येथे सु. १४५० च्या सुमारास योहान गूटेनबेर्क याने सुटे धातूचे खिळे वापरून छपाई सुरू केली. तेव्हा कागदावर दाब देण्यासाठी त्याने याच प्रकारचे मळसूत्री यंत्र उपयोगात आणले. अशा रीतीने दाबयंत्राचे नाव मुद्रणयंत्रास मिळाले. यंत्राचे नाव ते ज्या घरात असे त्या छापखान्यास, छापखान्याचे नाव तेथून बाहेर पडणाऱ्या वृत्तपत्रांस आणि वृत्तपत्रांचे नाव त्यांत लिहिणाऱ्या माणसांस, असा हा शब्द एकेक पायरी पुढे सरकला.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर हे लक्षणेचे उदाहरण आहे. ‘गंगेवर गवळीवाडा’ असे म्हटल्यावर प्रवाहावर वस्ती संभवत नसल्याने गंगेचा अर्थ गंगेचा काठ असा घेतला जातो. ‘मंच ओरडतात’ या वाक्यात मंचावरील माणसे अभिप्रेत असतात. ‘प्रेसने प्रश्न विचारले’ या वाक्यात यंत्र किंवा इमारत नव्हे, तर वार्ताहर अभिप्रेत आहेत, हे वाचकास याच न्यायाने कळते. मात्र लक्षणा घडण्यास मूळ अर्थ बाधित व्हावा लागतो. ज्या वाक्यात दोन्ही अर्थ सारखेच संभवतात, तेथे लक्षणा साहाय्यास येत नाही आणि संदिग्धता उरते. वृत्तलेखनातील अडचण नेमकी अशा वाक्यांची असते.

इंग्रजीत याच रूपाचा, पण निराळ्या मुळाचा दुसरा एक शब्द आहे. सैन्यात किंवा आरमारात भरती होणाऱ्यास आगाऊ रक्कम देण्याच्या प्रथेवरून ‘प्रेस्ट’ हा शब्द आला आणि पुढे सक्तीच्या भरतीस ‘प्रेस’ म्हणू लागले. त्याचे मूळ दाबण्याचा अर्थ असलेल्या धातूत नाही. सरकारी कचेऱ्यांतील किरकोळ खर्चाच्या आगाऊ रकमेस ‘इम्प्रेस्ट’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला आहे. पुराच्या प्रसंगी इंग्रजी बातमीत लष्कराला ‘प्रेस’ करून कामास लावल्याचा जो वाक्प्रचार येतो, तोही या दुसऱ्या शब्दाचा. मराठीत त्यासाठी ‘लष्कराला पाचारण करण्यात आले’ एवढेच म्हणणे योग्य होय. तेथे दडपणाचा किंवा दबावाचा काही संबंध नाही.

मराठीतील प्रवेश : भारतात मुद्रणयंत्र प्रथम १५५६ मध्ये गोव्यात आले. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांच्या दर्पण या पत्राने झाला. दर्पण मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. म्हणजे एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम मराठी वृत्तलेखनास जन्मापासूनच करावे लागले. १८३५ मध्ये मेटकाफ याच्या कारकिर्दीत मुद्रणावरील पूर्वीचे कडक निर्बंध उठविण्यात आले आणि छापखान्यांच्या वाढीस वाव मिळाला.

प्रेस या एका शब्दासाठी मराठीने एकच प्रतिशब्द घडविला नाही. संदर्भ पाहून तिने निरनिराळे शब्द योजले. यंत्रशाळेस छापखाना व पुढे मुद्रणालय, छापण्याच्या हक्कास मुद्रणस्वातंत्र्य, पत्रांच्या हक्कास वृत्तपत्रस्वातंत्र्य, वार्ताहरांना बोलावून माहिती देण्याच्या बैठकीस पत्रकार परिषद आणि शासनाने किंवा संस्थेने धाडलेल्या निवेदनास प्रसिद्धिपत्रक असे शब्द रूढ झाले. इंग्रजीत या साऱ्या ठिकाणी ‘प्रेस’ हाच शब्द येतो. मराठीत यंत्र, पत्र, माणूस व निवेदन हे भेद स्वच्छ उमटतात. या दृष्टीने पाहता मराठीची शब्दसंपत्ती येथे तोकडी नसून अधिक नेमकी आहे. अडचण निर्माण होते ती हे प्रतिशब्द बाजूस सारून सर्वत्र ‘प्रेस’ हाच शब्द लिहिण्याच्या सवयीमुळे.

खानदेशातील दोन प्रेस : खानदेश १८१८ मध्ये ब्रिटिश अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. तापी व तिच्या उपनद्यांच्या काळ्या जमिनीत कापसाचे पीक पूर्वीपासून होत असले, तरी त्याच्या व्यापारास मोठी गती मिळाली ती अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५). त्या युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांस होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटला आणि भारतीय कापसाची मागणी एकाएकी वाढली. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून गेला. कापूस बैलगाड्यांऐवजी आगगाडीने मुंबईस जाऊ लागला.

आगगाडीच्या वाहतुकीत वजनापेक्षा आकारमानाची अडचण मोठी होती. वेचलेल्या कापसातून सरकी काढून टाकल्यावर वजनाने सु. एकतृतीयांश रुई उरते. परंतु ती फुगीर असल्याने डब्यात फार थोडी मावते. म्हणून सरकी काढणारे जिन आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधणारे प्रेस ही दोन यंत्रे कापसाच्या बाजारपेठांत आली. जिनमध्ये लाटांच्या साहाय्याने सरकी व रुई वेगळी होते. प्रेसमध्ये रुई पेटीत भरून प्रथम दडपतात, नंतर जलदाबाच्या यंत्राने घट्ट दाबून गोणपाटात किंवा कापडात गुंडाळतात आणि पट्ट्या आवळून गाठ बांधतात. जुन्या मुंबई बाजारात गाठीचे वजन ३९२ पौंड धरीत. अशा दोन गाठींची ७८४ पौंडांची एक खंडी होई. दशमान पद्धतीत गाठ १७० किग्रॅ. ची मानली जाते, तथापि रुईचे भाव अद्यापि खंडीच्या हिशेबाने (सु. ३५६ किग्रॅ.) सांगितले जातात. जळगाव, धरणगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, दोंडाईचा, नंदुरबार इ. गावी असे कारखाने उभे राहिले. ‘जिन-प्रेस’ किंवा नुसता ‘प्रेस’ हे शब्द त्या परिसरातील शेतकऱ्याच्या, हमालाच्या व अडत्याच्या तोंडी बसले. १९७२ मध्ये राज्यशासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केल्यानंतर या कारखान्यांच्या बातम्या व्यापारी पानावरून पहिल्या पानावर आल्या. खरेदी केलेला कापूस वेळेवर दाबून गाठी बांधल्या जातात की नाही, यावर खरेदी केंद्रावरील गाड्यांच्या रांगा अवलंबून असत.

दुसरा प्रेस, म्हणजे छापखाना, याचीही खानदेशातील परंपरा जुनी आहे. जळगाव येथून नारायण नरसिंह फडणीस यांनी काव्यरत्नावली हे केवळ कवितेस वाहिलेले मासिक १८८७ ते १९३५ या काळात चालविले. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या गावातून असे मासिक इतका दीर्घकाळ निघावे, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेर येथून काँग्रेस हे साप्ताहिक काढले. स्वातंत्र्योत्तर काळात जळगाव व धुळे येथून दैनिके निघू लागली आणि बाहेरच्या दैनिकांच्या आवृत्त्याही तेथे छापल्या जाऊ लागल्या. लहान छापखान्यांत खिळे जुळविणारा जुळारी, पायाने चालणारे ट्रेडल यंत्र आणि फर्मा आवळण्याची चौकट हा सरंजाम ऑफसेट पद्धती येईपर्यंत सर्वत्र दिसे. ‘अंक प्रेसला गेला’ हा वाक्प्रयोग त्याच काळातील असून, आता मजकूर बदलता येणार नाही, असा त्याचा आशय असे.

कायद्यातील प्रेस : या दोन्ही प्रेसना लागू झालेल्या कायद्यांत एक लक्षणीय साम्य आढळते. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने, छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ स्पष्ट छापले पाहिजे, असे बंधन घातले. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमाने, प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याचे ठरवून दिलेले चिन्ह व अनुक्रमांक उमटविण्याचे बंधन घातले. रुईत पाणी, सरकी वा हलका माल मिसळल्याचे मुंबईच्या गोदीत किंवा परदेशातील गिरणीत उघडकीस आले, तर गाठीवरील खुणेवरून मूळ कारखाना शोधता यावा, हा त्यामागील हेतू होता. वृत्तपत्रातील मजकुराबद्दल तक्रार उद्‌भवली, तर अंकाच्या तळाशी असलेल्या ओळीवरून मुद्रक व प्रकाशक शोधता यावेत, हा पहिल्या कायद्याचा हेतू. माल दाबून बाहेर पाठविणाऱ्याने त्यावर आपली खूण ठेवावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

साम्य येथे संपते. छापखान्याच्या बाबतीत सरकारने यंत्र व विचार यांची सांगड जाणीवपूर्वक घातली. देशी भाषांतील पत्रांविरुद्ध लॉर्ड लिटन याच्या काळात १८७८ चा कायदा झाला आणि रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. १९१० च्या कायद्याने छापखाना चालविणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याची तरतूद केली. तो जप्त झाल्यावर पुन्हा छपाई करावयाची, तर १,००० ते १०,००० रुपयांचा नवा जामीन द्यावा लागे, आणि त्यानंतरही आक्षेपार्ह मजकूर छापल्यास प्रत्यक्ष यंत्रही सरकारजमा होऊ शके. लेखकाच्या विचाराबद्दलची शिक्षा मुद्रकाच्या लोखंडी यंत्रास होत असे. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, परंतु १९३१ च्या कायद्याने अशा तरतुदी पुन्हा आल्या. त्या काळच्या बातमीत ‘प्रेस जप्त’ असे शब्द आले, तर त्यांचा अर्थ अंक जप्त झाला, जामीन जप्त झाला की यंत्र जप्त झाले, हे पाहिल्याशिवाय घटनेचे गांभीर्य कळत नाही. अंक जप्त झाला, तर एका आठवड्याचा आवाज बंद होई. यंत्र जप्त झाले, तर त्यावर छापली जाणारी सर्वच पत्रे बंद पडत आणि जुळाऱ्यांचा रोजगारही जाई. २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीच्या घोषणेबरोबर, दिल्लीतील अनेक वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. तेव्हा यंत्र थांबविणे म्हणजे वृत्तपत्रे थांबविणे, या जुन्या समीकरणाचा पुन्हा प्रत्यय आला.

बातमीतील संदिग्धता : पुढील काही वाक्ये केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत. ‘प्रेसला आग’ हा मथळा जळगाव किंवा धुळे येथील दैनिकात आला, तर त्याचे दोन वाचक दोन गोष्टी समजतील. ज्याचा कापूस कारखान्याच्या आवारात पडून आहे, तो शेतकरी ताबडतोब तिकडे धाव घेईल. शहरातील वाचकास मात्र एखादा छापखाना जळाला असे वाटेल. ‘कापसाच्या प्रेसला आग’ किंवा ‘छापखान्यास आग’ असे एका शब्दाने लिहिले, तर हा घोटाळा टळतो.

‘प्रेस कामगारांचा संप’ हा मथळा अधिक अवघड आहे. कापसाच्या प्रेसमधील कामगार हंगामी असतात. त्यांचे काम साधारणतः दसरा-दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या सुमारास संपते. छापखान्यातील कामगार बारमाही असतो. वृत्तपत्रात लिहिणाऱ्यांना १९५५ च्या कायद्याने ‘श्रमिक पत्रकार’ ही स्वतंत्र ओळख दिली. वृत्तपत्राच्या आस्थापनेतील इतर नोकर त्याहून निराळे मानले गेले. म्हणून ‘प्रेस कामगार’ या दोन शब्दांत हंगामी मजूर, जुळारी किंवा यंत्रचालक आणि बोलण्याच्या ओघात पत्रकारही, असे तीन वर्ग मोडतात. त्यांचे वेतन, कामाचे तास व कायदे वेगवेगळे होते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात याच शब्दाला चौथा अर्थ आहे. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाले. तेथील रहिवाशांच्या बोलण्यात ‘प्रेस’ म्हणजे नोटा, मुद्रांक व टपाल तिकिटे छापणारे हे कारखाने आणि ‘प्रेस कामगार’ म्हणजे तेथील नोकर. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर या कामगारांनी सुट्ट्या न घेता केलेल्या कामाच्या बातम्या सर्वत्र आल्या. नाशिकची बातमी जळगावच्या पानावर जाताना स्थलनाम गळले, तर अर्थ साफ बदलतो.

‘प्रेसमध्ये स्त्रियांना मनाई’ हे वाक्य तर गंभीर गैरसमज करून देणारे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २७ अन्वये, कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास ठेवण्यास बंदी होती. यंत्राच्या दोन बाजूंमध्ये छतापर्यंत भिंत असल्यास काही सवलत देता येत असे. म्हणजे बंदी विशिष्ट कारखान्याच्या विशिष्ट भागापुरती व अपघाताच्या भीतीने घातलेली होती. ‘प्रेस’ हा नुसता शब्द वापरल्यास ती छापखान्यांना किंवा वृत्तपत्रांच्या कार्यालयांनाही लागू असल्याचा ग्रह होईल. कारखान्याचा पूर्ण निर्देश केल्याविना अशी बातमी देणे म्हणजे कायद्याचा अर्थ बदलणे होय.

भाषांतरातील प्रश्न : प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था १९४७ मध्ये नोंदली जाऊन १९४९ मध्ये कार्यरत झाली. युनायटेड न्यूज ऑफ इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली. या संस्थांचे वृत्त प्रामुख्याने इंग्रजीत दूरमुद्रकावर येई आणि मराठी दैनिकांतील उपसंपादक रात्रपाळीत ते भाषांतरित करीत. अशा वृत्तात ‘प्रेस’ हे क्रियापद आल्यास प्रत्येक वेळी निराळे मराठी रूप घ्यावे लागते. विरोधी पक्षाने चौकशीसाठी ‘प्रेस’ केले, तर ‘मागणी लावून धरली’. प्रश्न ‘प्रेसिंग’ असेल, तर ‘निकडीचा’. एखादी संस्था पैशासाठी ‘प्रेस्ड’ असेल, तर ‘तिला पैशाची चणचण आहे’. परदेशातील बातमीत एखाद्याने आरोप ‘प्रेस’ केले असे येते, तेथे तक्रारदाराने फिर्याद पुढे चालविण्याचे ठरविले एवढाच आशय असतो. आरोपनिश्चिती हे न्यायालयाचे काम असल्याने ‘आरोप निश्चित केले’ असे भाषांतर चुकीचे ठरते.

न्यायालयीन वृत्तात तर एका छोट्या वाक्यांशावर पक्षकाराची प्रतिष्ठा अवलंबून असते. याचिका ‘नॉट प्रेस्ड’ म्हणून निकालात काढली, असे आदेशात अनेकदा असते. याचिकाकर्त्याने ती, किंवा तिच्यातील एखादी मागणी, पुढे चालविण्याचा आग्रह धरला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. न्यायालयाने गुणदोषांचा विचार करून ती अमान्य केली, असा तो नव्हे. खानदेशातील प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खंडपीठापुढे जातात आणि त्यांचे आदेश इंग्रजीत असतात. गावी आलेल्या बातमीत ‘याचिका फेटाळली’ एवढेच छापले गेले, तर याचिकाकर्ता खोटा ठरला असे गाव समजते. ‘याचिकाकर्त्याने आग्रह न धरल्याने याचिका निकालात निघाली’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे.

शासकीय निवेदनांच्या बाबतीतही असाच भेद आहे. महत्त्वाच्या निर्णयासंबंधीचे अधिकृत निवेदन शब्दशः छापले जावे अशी अपेक्षा असते. त्यास इंग्रजीत ‘प्रेस कम्युनिके’ म्हणतात. ‘प्रेस नोट’ संक्षिप्त करून किंवा संपादित करून छापण्याची मुभा असते. दैनंदिन कामकाजाची माहिती देणारे पत्रक याहून कमी औपचारिक असते. मराठीत या तिन्हींना सरसकट प्रसिद्धिपत्रक म्हणण्याची प्रथा आहे. जिल्हा माहिती कार्यालयाकडून आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, हे जाणून घेतल्यासच त्यात काटछाट करावी की नाही हे ठरविता येते. दुसऱ्या बाजूने, निवेदनातील दावा वार्ताहराने स्वतः पडताळलेला नसेल, तर ते ‘पत्रकात म्हटले आहे’ असे सांगूनच छापणे उचित होय.

स्वातंत्र्य कोणाचे : प्रेस या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा अर्थभेद स्वातंत्र्याच्या संदर्भात प्रकट होतो. अमेरिकेच्या संविधानातील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याबरोबर ‘प्रेस’च्या स्वातंत्र्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे प्रेस म्हणजे वृत्तपत्र हा व्यवसाय, की कोणाही नागरिकास उपलब्ध असलेले मुद्रणाचे साधन, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) मध्ये हा शब्दच नाही. तेथे नागरिकांच्या भाषणाच्या व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची हमी आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या प्रश्नाची चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, नागरिकाला नसलेला कोणताही वेगळा हक्क प्रेसला असू शकत नाही, संपादक लिहितो तेव्हा तो नागरिकाचाच हक्क बजावीत असतो, अशी भूमिका मांडली. म्हणून प्रेसच्या स्वातंत्र्याचा स्वतंत्र निर्देश करण्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही.

पुढील न्यायनिर्णयांनी या अनुच्छेदाची व्याप्ती स्पष्ट केली. रोमेश थापर खटल्यात (१९५०) सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराचे स्वातंत्र्य हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे म्हटले. पुण्याच्या सकाळ या मराठी दैनिकाने, वृत्तपत्राच्या किंमतीवरून त्याची पृष्ठसंख्या ठरविणाऱ्या १९५६ च्या कायद्यास व १९६० च्या आदेशास आव्हान दिले. १९६१ मधील निकालाने ते दोन्ही संविधानबाह्य ठरले. पाने कमी करणे किंवा किंमत वाढविण्यास भाग पाडणे म्हणजे वाचकांपर्यंत पोहोचण्याच्या हक्कावरच बंधन घालणे होय, हे त्यातील सूत्र होते.

या पार्श्वभूमीवर ‘प्रेसवर हल्ला’ या शब्दप्रयोगाकडे पाहावे लागते. यंत्राची मोडतोड झाली असेल, तर तो मालमत्तेचा गुन्हा आहे. वार्ताहरास मारहाण झाली असेल, तर तो व्यक्तीवरील गुन्हा आहे. एखादी बातमी छापू नये म्हणून दडपण आणले असेल, तर नागरिकांच्या जाणून घेण्याच्या हक्कावरील ते आक्रमण आहे. आणि एखाद्या वृत्तपत्राच्या मालकाच्या अन्य व्यवसायाची चौकशी सुरू असेल, तर ती स्वातंत्र्यावरील गदा आहे की नाही हे पुराव्यानेच ठरवावे लागेल. चारही घटनांना एकच शब्द लावला, तर खरे आक्रमण दुर्लक्षिले जाण्याची आणि नसलेले आक्रमण भासविले जाण्याची सारखीच शक्यता असते. वृत्तपत्रे स्वतःविषयी लिहितात तेव्हा ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण तेथे बातमी देणारा व बातमीचा विषय एकच असतो.

सद्यःस्थिती : पहिल्या प्रेस आयोगाने (१९५२–५४) सुचविलेली प्रेस परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. आणीबाणीत ती बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा अस्तित्वात आली. १८६७ च्या नोंदणी कायद्याची जागा २०२३ च्या प्रेस व नियतकालिके नोंदणी अधिनियमाने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला आहे. दूरचित्रवाणी व संगणकीय माध्यमे आल्यावर ‘प्रेस’ऐवजी ‘माध्यमे’ हा व्यापक शब्द प्रचारात आला. तरीही जेथे कागद नाही, खिळे नाहीत आणि शाईही नाही, अशा वृत्तसेवांचे प्रतिनिधी स्वतःस ‘प्रेस’ म्हणवितात आणि वाहनांवर तो शब्द रंगवितात. यंत्र मागे पडले व नाव उरले, असा हा प्रवास आहे.

खानदेशात मात्र शब्दाचा मूळ अर्थ टिकून आहे. कापसाच्या प्रेसमध्ये आजही दाबण्याचेच काम चालते आणि गाठीवर कारखान्याची खूण असते. बातमीलाही अशी खूण लागते. ‘प्रेस’ लिहिण्यापूर्वी तेथे छापखाना, कापसाचा कारखाना, वृत्तपत्र, पत्रकार, निवेदन की नागरिकाचा हक्क यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे ठरवून योग्य मराठी शब्द लिहिला, की बहुतेक घोटाळे उद्‌भवत नाहीत. जेथे ‘प्रेस’ हाच शब्द ठेवणे अपरिहार्य असेल, तेथे त्यापूर्वी एक विशेषण व स्थलनाम असावे, हा जळगाव-धुळ्याच्या वृत्तलेखनास विशेष उपयुक्त असा नियम होय.